भर दिवसा आणलेलं सामान

एप्रिलच्या शेवटी, एका मंगळवारी, आई गेली. तिने कुकर लावला होता. मी शिकवते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात होते. शेजाऱ्यांनी फोन केला. मी पोचले तेव्हा कुणीतरी गॅस बंद केला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात बसले होते. ते म्हणाले, "शिट्टी झालीच नाही."

त्यानंतरचा हा दुसरा मे. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या इमारतीखाली सकाळपासून एक टेम्पो उभा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची नागपूरला बदली झाली. फ्रीजला गोधडी गुंडाळून, वरून सुतळी आवळून तो जिन्यातून उतरवताहेत. "डावीकडं घे, डावीकडं... अरे, तुझं डावं!" असा ओरडा वर येतो. गोणपाटाचा कोरडा वास येतो आणि लाकडी खोक्यात खिळे ठोकल्याचा आवाज. पुस्तक मिटून मी खिडकीत येऊन उभी राहते. इतकी वर्षं झाली, तरी कुणाचं घर हलायला लागलं की माझे पाय आपोआप चपला शोधतात.

लोकांच्या लेखी मे म्हणजे आंबे, मामाचं गाव, गच्चीवर वाळणारे पापड. आमच्या घरी मे म्हणजे बदल्या. आमच्या नव्हेत. अण्णा सातपूरच्या एकाच कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते आणि आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. बदल्या व्हायच्या त्या देवळाली कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या. नव्वदच्या सुमारास आम्ही नाशिकरोडच्या एका वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. तिथून कॅम्प बसने जवळ. मुलांच्या परीक्षा संपल्या की तिथल्या बंगल्यांमधून सामान बाहेर निघायचं. कुणी आसामला चाललेलं, कुणी जोधपूरला. जे ट्रकमध्ये मावायचं नाही, जे तिकडच्या हवेत उपयोगाचं नाही, ते विकायला काढायचे. कॅम्पातल्या बेकरीच्या काचेवर आतून चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. आई त्या चिठ्ठ्या बोट लावून वाचायची, दहावीचा निकाल वाचावा तशी. शाळेला सुट्टी असायची. तिच्या अंगात त्या दिवसांत एक वेगळीच चपळाई यायची.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं जमिनीवर बसायचो. "घराला काय हवंय?" हा पहिला प्रश्न. तो आई विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. "तुला काय हवंय?" हा दुसरा प्रश्न मात्र ज्याचा त्याचा. मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद, दोघांना दर वर्षी एकेक वस्तू स्वतः निवडायचा हक्क होता, आणि त्या निवडीला कुणी हसायचं नाही असा नियम होता. एका वर्षी मिलिंदने फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप निवडला. आमच्याकडे फुटबॉल नव्हता. आईने पंप हातात घेतला, तळहातावर दाबून हवा येते का ते पाहिलं आणि पैसे दिले. बसमध्ये अण्णांना हसू आवरेना तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत बसले.

अण्णांना तिथे बोलायची बंदीच होती. ते भले माणूस. कुठलीही वस्तू दिसली की तोंडातून जायचं, "वा! काय छान आहे!" आणि तिथेच भाव चढायचा. म्हणून बंगल्याच्या फाटकाशी आई त्यांना सांगायची, "तुम्ही ते झाड बघा." अण्णा झाड बघायचे. कॅम्पातली झाडं बघण्यासारखी होतीही. निलगिरीची सालं सुटून खाली पडलेली, गुलमोहर पेटलेला, आणि रस्ते इतके रुंद आणि रिकामे की आपण बोललो तर ऐकू जाईल म्हणून आम्ही हळू बोलायचो. आई मात्र नेहमीच्याच आवाजात बोलायची.

तिच्या पिशवीत तीन गोष्टी असायच्या. एक टेस्टर, एक चालू स्थितीतला बल्ब आणि एक लांब सुतळी. सुतळीला गाठी मारलेल्या होत्या. पहिली गाठ म्हणजे आमच्या दाराची रुंदी, दुसरी खिडकीखालची जागा, तिसरी पोटमाळ्याची उंची. समोरच्या मॅडम इंग्रजीत कपाटाची मापं सांगत असायच्या आणि आई शांतपणे सुतळी लावून पाहत असायची. जी वस्तू सगळ्यांत जास्त हवी तिला ती शेवटी हात लावायची. प्रत्येक वस्तू उलटी करून पाहायची; तिचं म्हणणं होतं की माणसं वरची बाजू पुसतात, खालची नाही. विकणाऱ्याला ती नेहमी विचारायची, "हे तुम्ही नेत का नाही?" आणि उत्तरापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागला त्याकडे लक्ष द्यायची. उशा, गाद्या आणि पायातलं काही तिने कधी घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, वेताच्या खुर्च्या, सायकल, इस्त्री, पडदे. त्या पडद्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि ते आमच्या खिडकीला इतके मोठे व्हायचे की एका खोलीत दोन भिंती झाकल्या जायच्या.

आमच्या वसाहतीत जुनं सामान बऱ्याच जणांकडे यायचं. पण ते दिवेलागणीनंतर यायचं. रिक्षातून, चादर टाकून, मागच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी ते घरात असं उभं असायचं जसं काही कायमच तिथे होतं. आईचा टेम्पो सकाळी अकराला, मधल्या गल्लीतून यायचा. बायका नळावर असायच्या.

"काय आणलं, बाई?"

"कूलर. जुना. कॅम्पातून," आई सांगायची. कुणी विचारायच्या आत "जुना" हा शब्द तिचा बोलून झालेला असायचा, त्यामुळे पुढे कुणाला बोलायला काही उरायचंच नाही. मग ती वस्तू दिवसभर अंगणात उन्हात राहायची. ऊन लागावं म्हणून, असं ती सांगायची. मला वाटतं, दिसावी म्हणूनही.

एका वर्षी तिने जेवणाचं टेबल घेतलं. सागवानी, आठ माणसांचं. आम्ही चौघं, आणि जेवायचो जमिनीवर. सुतळीच्या हिशेबाने ते दारातून येत होतं. दारातून आलंही असतं. पण दाराच्या आत लगेच भिंत होती आणि तिथे वळायला लागायचं, याची गाठ सुतळीला नव्हती. चार माणसांनी ते आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, एक तर टेबल ठेवा, नाहीतर घर." शेवटी टेबल अंगणातच राहिलं. त्या मे महिन्यात सगळी गल्ली त्या टेबलावर नांदली. सकाळी त्यावर कुरडया वाळायच्या, दुपारी मुलं कॅरम मांडायची, संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा चहा. अण्णा पेपर वाचायला तिथे बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, काय छान आहे!" आता तसं म्हणायला हरकत नव्हती.

त्याच टेबलाशी एका रविवारी मोठे काका येऊन बसले. अण्णांचे थोरले भाऊ. विंचूरच्या कांदा मार्केटात मापाडी होते, गावच्या बुद्धविहाराचं सगळं तेच पाहायचे. त्यांना आम्ही भ्यायचो. त्यांनी टेबलावर हात फिरवला, मग हात मागे घेतला.

"सुमन," ते आईला म्हणाले, "आपल्या आज्यानं लोकांचं उतरलेलं अंगावर घ्यायचं सोडलं. गावानं मारलं त्याला, तरी घेतलं नाय. अन् तू पैसे मोजून उतरलेलं आणतीस?"

आई म्हणाली, "दादा, आधी चहा घ्या."

"चहा घेतो. उत्तर दे."

"आजोबांना काय द्यायचं ते देणारा ठरवायचा. नको म्हणायची सोय नव्हती. मी दहा घरं बघते, नऊ ठिकाणी नको म्हणून येते. तोंडावर म्हणते. आणि मी पैसे देते ते ती बाई मोजून घेते."

"मोजून घेती?"

"नोट उजेडात धरून बघते."

काका हसले. त्यांना हसताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं. मग पुन्हा गंभीर झाले. "मला पटलं नाय. पण टेबल मजबूत हाय," असं म्हणून त्यांनी चहाचा कप बशीसकट त्यावर ठेवला. जूनच्या तोंडावर अण्णांनी सहज खाली वाकून पाहिलं, तर टेबलाचे पाय नटबोल्टचे होते. काढले आणि टेबल आत आलं. प्रत्येक वस्तू उलटी करून पाहणाऱ्या आईने ते टेबल जड म्हणून तेवढं उलटं केलं नव्हतं. हे तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही. अण्णांची तर नाहीच.

काकांच्या प्रश्नाचं आईला किती लागलं होतं हे मला पुढच्या वर्षी कळलं. एका बंगल्यात आम्ही इस्त्री घेतली. पैसे देऊन निघालो तेव्हा तिथल्या मॅडम मागून आल्या. गोऱ्या, थकलेल्या, केसांना रुमाल बांधलेल्या. आत त्यांचं तान्हं रडत होतं. त्यांच्या हातात थोरल्या मुलीच्या फ्रॉकांनी भरलेली पिशवी होती.

"बच्ची के लिए ले जाइए. ऐसे ही."

आई थांबली. "ऐसे ही नहीं. कितना?"

"अरे, पुराने हैं."

"पुराने हैं तो कम बोलिए."

मॅडम गोंधळल्या. "अच्छा, पाँच रुपये दे दीजिए."

आईने पिशवी पायरीवर ठेवली. एकेक फ्रॉक काढला, शिवण उलटी करून पाहिली, लेस ओढून पाहिली. मग म्हणाली, "पाँच कम है. लेस अच्छा है. पंधरा."

"नहीं नहीं, दस बहुत है!"

"चौदा."

"बारह. इससे ज़्यादा मैं नहीं लूँगी," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत. त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आईसुद्धा हसली. झाडाखालून अण्णा आश्चर्याने पाहत राहिले. त्या दोघी मग बराच वेळ बोलत होत्या, तान्ह्याला दात येताहेत त्याबद्दल आणि जोधपूरच्या पाण्याबद्दल.

बसमध्ये मी विचारलं, पाचाला देत होत्या तर जास्त का दिले? आई म्हणाली, "ती पाच म्हणाली ते फुकटच होतं. मला गप्प करायला म्हणाली. बारा हा फ्रॉकांचा भाव आहे." ते फ्रॉक मी विटेपर्यंत घातले. निळ्यावर पांढरे ठिपके असलेला एक मला अजून दिसतो.

स्वतःच्या हक्काची वस्तू म्हणून मी दर वर्षी पुस्तकं निवडायचे. लष्करातली मुलं दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलायची आणि पुस्तकं मागे सोडून जायची. पहिल्या पानावर त्यांची नावं, इयत्ता, तुकडी, शहर. एकाच पानावर पठाणकोट, मग बेळगाव, मग देवळाली. मी त्या नावांखाली माझं नाव घालायचे, रांगेत. मिलिंद मात्र त्याच्या पुस्तकांवरची आधीची नावं शाईने गिरवून काळी करून टाकायचा. इतकी दाबून, की मागच्या पानावर काळा चौकोन उमटायचा. आईने ते पाहिलं होतं. ती त्याला काही बोलली नाही. आपल्याला ज्याचा अभिमान वाटतो ते मुलाला सोसवत नसेल, हे तिला कळत असावं.

आता ह्या सगळ्याला गरिबी म्हणायची पद्धत आहे. "किती कष्टात दिवस काढलेत तुम्ही," असं माझ्या बरोबरीच्या बायका मान कलती करून म्हणतात. मी ते ऐकून घेत नाही. आम्ही दिवस काढले नाहीत. आम्ही आठ माणसांच्या टेबलावर जेवलो. वाळ्याच्या वासात झोपलो. ज्या शहरांची नावं मास्तरांनाही नकाशात पटकन सापडायची नाहीत, त्या शहरांतल्या मुलांची पुस्तकं वाचली. आणि त्यातलं काहीही कुणाच्या उपकाराचं नव्हतं. दुकानातली नवी वस्तू घेताना माणूस फक्त पैसे देतो. आई पैसे द्यायची, आणि त्याशिवाय नजर, वेळ, प्रश्न, नकार, सगळं द्यायची. तिच्याइतकं विकत घेणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

ती गेली त्यानंतर, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि तिच्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न आला. आम्ही इंदिरानगरला येऊन बरीच वर्षं झाली होती. फ्लॅट सामानाने भरलेला होता. अण्णांना चालायला मोकळी जागा हवी होती. गुडघ्यांमुळे त्यांना वस्तूंमधून वाट काढता येत नव्हती. मिलिंद पुण्याहून आला होता. तो तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्या घरी सगळं नवं आहे आणि ते त्याने स्वतःच्या मेहनतीने घेतलं आहे.

"एखाद्या आश्रमाला देऊन टाकू," तो म्हणाला. "साड्या मंदाताईंना." मंदाताई आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात.

"देऊन नाही टाकायचं," मी म्हणाले. "विकू. खाली पार्किंगमध्ये. रविवारी सकाळी."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "ताई, लोक काय म्हणतील? आईच्या साड्यांचे पैसे केले म्हणतील."

"तिने कुणाचं फुकट घेतलं नाही. तिचं कुणी फुकट घेतलेलं तिला चाललं असतं का?"

"ती गेली, ताई."

"म्हणूनच आता मला बघायला हवं."

मग तो जे बोलला ते त्याच्या मनात पंधरा-वीस वर्षं असावं. "मी दुसऱ्यांच्या वस्तूंत वाढलो. दुसऱ्याची सायकल, दुसऱ्याचं दप्तर. वर्गातल्या एका मुलाने एकदा माझ्या दप्तरातलं स्वतःच्याच चुलतभावाचं नाव वाचून दाखवलं होतं. तुला त्यात मजा वाटली असेल. मला आता हे पुन्हा पार्किंगमध्ये मांडायचं नाही."

त्याचं खरं होतं. पण माझंही खरं होतं. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "विकायचंच असेल तर निदान भांड्यांवरची नावं तरी घासून टाकू. पॉलिशवाला आहे कोपऱ्यावर."

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव होतं. कॅम्पातून आणलेलं भांडं आई आधी उन्हात ठेवायची आणि मग भांडीवाल्याकडून त्याच्यावर नाव कोरून आणायची. "सुमन पगारे", पूर्ण, मोठ्या अक्षरांत, काठाजवळ, जिथे वाढताना दिसेल. मशीनच्या थरथरीत ठिपक्यांची ती अक्षरं. आमच्या लोकांना पाणी वरून ओतायचे ते दिवस काकांनी पाहिलेले होते. आईने स्वतः, शिकाऊ असताना, एका शाळेत स्वतःचा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला पाहिला होता. ते तिने एकदाच सांगितलं, तेही पोळ्या लाटताना, आणि लगेच म्हणाली, "तवा बघ, जळेल."

"नावं राहतील," मी म्हणाले.

"मग कुणी घेणार नाही," मिलिंद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. आपल्या आईचं नाव वाचून कुणीतरी भांडं खाली ठेवील आणि ते आपल्याला उभं राहून पाहावं लागेल, ही भीती. ती मलाही होती.

शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बसले नाहीत. "मॅडम, गेलेल्या माणसाच्या वस्तू दान करतात. विकत नाहीत. आणि पार्किंगमध्ये बाजार भरवायची पद्धत नाही आपल्याकडे."

मी म्हणाले, "पद्धत नाही म्हणून तर तुम्हाला आधी सांगितलं."

रविवारी सकाळी आम्ही सामान खाली आणलं. वेताच्या खुर्च्या, इस्त्री, साड्यांच्या घड्या, आणि चादरीवर ओळीने भांडी. ऊन नऊलाच चढलं होतं. अण्णांना मी खुर्ची देऊन सावलीत बसवलं. कुणी एखादी वस्तू उचलली की ते म्हणायचे, "वा, ते फार छान आहे," आणि आता ते बरोबर ठिकाणी बसून म्हणत होते.

पहिल्यांदा मंदाताई आल्या. त्यांनी आईची जांभळी इरकल उचलली.

"किती?"

"अडीचशे."

"अडीचशे? बाई हीच साडी शंभरात घेऊन आल्या असत्या, वर रिक्षाचं भाडं काढलं असतं!"

"अहो, काठ बघा."

"काठ बघितलाय. मीच धुतलाय दर वेळी." त्या पदर उलटा करून पाहत होत्या. "इथं डाग हाय चहाचा. दीडशे."

"दोनशे."

"तुम्हाला येत नाय हो. बाईंकडं शिकायला पाहिजे होतं," असं म्हणून त्यांनी पावणेदोनशेला साडी नेली आणि जाताना मिलिंदला म्हणाल्या, "दादा, काय उभे आहात, खुर्च्या पुसा जरा." मिलिंदने खुर्च्या पुसल्या.

लोक येत गेले. समोरच्या बांधकामावरचा वॉचमन, एक नवं लग्न झालेलं जोडपं, क्लासला निघालेल्या मुली. मला भाव करायला खरंच येत नव्हतं. पण तासाभरात गळा मोकळा झाला. लोक वस्तू उलट्या करत होते, नाकं मुरडत होते, नको म्हणून निघून जात होते, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. नको म्हणायला आले होते म्हणजे बरोबरीने आले होते.

मग शेजारच्या इमारतीतल्या एक काकू आल्या. सकाळच्या पूजेचं कुंकू कपाळावर, हातात कापडी पिशवी. त्यांनी मोठं पितळी पातेलं उचललं. वाजवून पाहिलं. त्यांना ते आवडलं होतं. दोन्ही हातांनी वजन घेत होत्या. मग काठ फिरवताना त्यांचा अंगठा अक्षरांवर थांबला. त्यांनी वाचलं. पातेलं हातातच होतं, पण ते धरायची पद्धत बदलली.

"हे नाव... घासून मिळेल का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिलिंद बोलला. तो हातात फडकं घेऊन खुर्च्यांपाशी उभा होता.

"नाही, काकू. नाव राहील."

"नाही, म्हणजे आपलं रोजच्या वापरात... कोण या पगारे?"

"आमची आई," मिलिंद म्हणाला. आणि थोडं थांबून, "पातेलं चांगलं आहे. घ्यायचं तर नावासकट घ्या. नावामुळे भाव कमी होणार नाही."

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. हळू, आवाज न करता. "मोठं पडेल आम्हाला," असं म्हणून त्या गेल्या. मिलिंदने ते पातेलं उचललं, फडक्याने पुसलं, आणि अक्षरं समोरून दिसतील असं वळवून ठेवलं. थोड्या वेळाने सेक्रेटरी गाडी काढायला आले आणि घसा खाकरू लागले, तेव्हा त्यांनाही त्यानेच सांगितलं, "काका, दुपारपर्यंत चालेल हे. तुमची गाडी मी काढून देतो." दिली.

नंतर जिन्यात तो मला म्हणाला, "मला अजून हे पटलेलं नाही." मी म्हणाले, "चालेल."

पैशांचं काय केलं असं लोक विचारतात. दान केले असतील अशी त्यांची अपेक्षा असते. नाही केले. अण्णांनी आंबे आणायला सांगितले, ते आणले. उरलेल्यात दूध, भाजी, वीजबिल. घर चालतं तसं.

बहुतेकांनी भांड्यांवरचं नाव वाचलंच नाही. काहींनी वाचलं आणि ठेवून दिलं. काहींनी वाचलं आणि घेतलं. ते पितळी पातेलं दुपारी त्या नव्या जोडप्याने नेलं. मुलीने नाव मोठ्याने वाचलं, "सुमन पगारे," आणि भावावरून माझ्याशी पुष्कळ वाद घातला.

आता आमच्याकडे तिच्या नावाची एक परात आणि दोन वाट्या आहेत. बाकीची भांडी इंदिरानगरात ज्यांनी विकत घेतली त्यांच्या स्वयंपाकघरांत आहेत.